गाडगीळ विकासविरोधी होते का?

साजगाव-खोपोली पट्ट्यात माधव गाडगीळांचे नाव निघाले, की एक मत हमखास ऐकू येते: त्यांचा अहवाल लागू झाला असता तर घराचा पाया खणायलाही दिल्लीला विचारावे लागले असते. आळ जुना आहे, पण अहवाल वाचून घेतलेला नाही.

पूर्वपक्षाला आधारच नाही असे नव्हे. केंद्राने 2010 साली नेमलेल्या पश्चिम घाट तज्ज्ञगटाचे गाडगीळ अध्यक्ष होते. गटाच्या 2011च्या अहवालाने 1,29,037 चौरस किलोमीटरचा सबंध घाट संवेदनशील मानून त्याचे तीन विभाग पाडले. पहिल्या विभागात नव्या खाणी आणि प्रदूषणकारी कारखान्यांना मज्जाव केला, शिवाय एक वैधानिक प्राधिकरण सुचवले. एवढेच वाचणाऱ्याला बंदीच दिसणार.

परंतु त्याच पहिल्या विभागात शेतजमीन बिगरशेती करण्यास मनाई करताना, स्थानिकांची संख्या वाढल्यास गावठाण वाढवण्याची मुभा दिली आहे. म्हणजे ठाकराच्या किंवा आगऱ्याच्या मुलाचे घर अडत नव्हते. अडत होते ते भातखाचरे बुजवून बंगल्यांसाठी पाडलेले प्लॉट. सेंद्रिय शेतीकडे वळणाऱ्याला, मातीतला कर्ब वाढवणाऱ्याला मोबदला द्यावा, अशीही शिफारस आहे. विभागांच्या सीमा तर तात्पुरत्याच होत्या; ग्रामसभांशी चर्चा करून त्या पक्क्या करायच्या होत्या. केंद्राने मात्र अहवाल दाबून ठेवला. माहिती अधिकाराच्या लढाईनंतर 2012 साली तो बाहेर आला, तोवर अफवा गावोगाव पोचल्या होत्या.

ग्रामसभेवरचा हा विश्वास गाडगीळांना उतारवयात सुचलेला नव्हता. 1970च्या दशकात वा. द. वर्तकांबरोबर ते सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करत हिंडले. वनखाते जन्माला येण्याआधीपासून गावांनी राखलेले जंगल त्यांनी तिथे पाहिले. गावकऱ्यांच्या माहितीवर लोकजैवविविधता नोंदवही तयार व्हावी, हा आग्रह त्यांनी पुढे आयुष्यभर धरला.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: खेडुतांना काय कळते, हे काम तज्ज्ञांचे! त्याचे उत्तर खालापूर तालुक्यातच आहे. 19 जुलै 2023च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसे बेपत्ताच राहिली. ही वाडी दरडप्रवण ठिकाणांच्या सरकारी यादीत नव्हती. गाडगीळांच्या अहवालाने ती वाचली असती, असा दावा मी करणार नाही. पण कचेरीत बसून केलेली यादी पुरेशी असते, हा युक्तिवाद त्यानंतर टिकत नाही.

गाडगीळांशी वाद जरूर घालावा. वरून लादलेले प्राधिकरण आणि ग्रामसभेचा अधिकार यांचा मेळ त्यांना पुरता बसवता आला नाही, हे खरेच. विकासविरोधाचा आळ मात्र खोटा ठरतो. विकास कुठे आणि कसा, हे ठरवताना गावाला विचारा, एवढेच त्यांचे मागणे होते. साजगावकरांनी आपल्या पंचायतीची जैवविविधता नोंदवही मागून घ्यावी आणि डोंगरातल्या वाड्यांना विचारून ती भरली आहे का, ते तपासावे. तो त्यांचा हक्क आहे.