पदवी इथली, परवाना तिथला

आमच्या घरातल्या लोखंडी पेटीत आजोबांचा एक घडीवर फाटत आलेला कागद आहे. तो त्यांच्या मुल्की असल्याचा दाखला. १९१९ च्या फर्मानानंतर हैदराबाद संस्थानात सरकारी चाकरीसाठी मुल्की असणे आवश्यक झाले, आणि बाहेरून आलेल्यास मुल्की ठरण्यासाठी पंधरा वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागे. खाणी आणि रेल्वे यांच्या पाठोपाठ बेल्लमपल्लीस येऊन स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांपैकी अनेकांना या दाखल्याची कथा घरातूनच ऐकावयास मिळाली असेल. मी महसूल खात्यात रुजू झालो तेव्हा मुल्कीचा वाद मागे पडला होता. १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ‘स्थानिक’ कोण हे ठरविण्यासाठी शाळेचे दाखले तपासले जात. आयुष्यभर अशा कागदांवर सह्या केल्यामुळे असेल, परंतु अमेरिकेत राहणारी माझी भाची गेल्या दसऱ्यास आली आणि आपल्या वैद्यकीच्या परवान्याविषयी बोलू लागली, तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती ही पेटी.

परदेशी परवान्याचा हा प्रश्न मराठी माणसास नवा नाही. आनंदीबाई जोशी यांची कथा सर्वांना पाठ आहे. रखमाबाईंच्या खटल्याविषयीही पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्यांच्या परवान्याची बाजू सहसा कोणी सांगत नाही. १८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या. शिक्षण लंडनमध्ये झाले खरे, परंतु तेथील राजमान्य वैद्यक आणि शल्यक महाविद्यालयांच्या परीक्षा तेव्हा स्त्रियांना खुल्याच नव्हत्या. त्या दारांना उघडण्यास विसावे शतक उजाडावे लागले. स्कॉटलंडमधील एडिंबरो व ग्लासगोच्या संस्थांची संयुक्त परीक्षा मात्र १८८६ पासून स्त्रियांना देता येत असे. रखमाबाई उत्तरेकडे गेल्या, १८९४ मध्ये तेथील सनद घेतली आणि मायदेशी परतून सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ सेवा केली. त्यांच्या ज्ञानात लंडन ते एडिंबरो या आगगाडीच्या प्रवासात काही भर पडली नसावी. फक्त दार निराळे होते.

पुढे हाच प्रश्न व्यक्तीपुरता न राहता साऱ्या देशाचा झाला. मुंबई, कलकत्ता आदी विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्या ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मान्य केल्या होत्या. पहिल्या महायुद्धानंतर कुरबुर सुरू झाली. येथील विद्यार्थ्यांना प्रसूतिशास्त्राचा प्रत्यक्ष अनुभव पुरेसा मिळत नाही, असा आक्षेप होता. तो सर्वस्वी खोटा होता असे मी म्हणणार नाही. आपल्या बायका तेव्हा प्रसूतीसाठी रुग्णालयात येत तरी किती? पण शिक्षणातील उणिवेवरून सुरू झालेला वाद लवकरच ‘तपासणारा अधिकारी कोणाचा’ या मुद्द्यावर येऊन ठेपला. तडजोड झाली नाही आणि १९३० मध्ये भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेण्यात आली. काल ज्याला डॉक्टर म्हणून नोंदवून घेतले असते, तो आज त्याच अभ्यासक्रमातून उत्तीर्ण होऊनही अपात्र ठरला.

यातूनच १९३३ चा भारतीय वैद्यक परिषद कायदा जन्मास आला. पुढे मान्यताही टप्प्याटप्प्याने परत मिळाली. एका गोष्टीचा उल्लेख मात्र इतिहासात घाईघाईने उरकला जातो. त्या कायद्याने पदवीधरांची सोय पाहिली आणि विद्यापीठाची पदवी नसलेल्या, परंतु वैद्यकीय शाळांतून रीतसर शिकलेल्या सनदधारक डॉक्टरांना अखिल भारतीय नोंदीबाहेर ठेवले. तालुक्याच्या गावी आणि खेड्यापाड्यांच्या दवाखान्यांत पुष्कळदा हेच लोक रोग्यांना पाहत. त्यांच्या संघटनांनी तक्रारी केल्या, त्या बराच काळ तशाच राहिल्या. लंडनच्या दाराबाहेर ज्यांना उभे केले गेले, त्यांनी स्वतःचे दार बांधताच पहिला अडसर आपल्याच धाकट्या भावंडांसाठी घातला, हे वाचताना मन खट्टू होते.

याच काळात मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. युद्ध जोरात होते, जखमींची रीघ लागली होती. गरज पडली की कागद किती लवकर बाजूला सरतो!

ब्रिटनलाही पुढे गरज पडली. १९४८ मध्ये तेथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि डॉक्टर कमी पडू लागले. मग भारतीय पदवी चालू लागली, पण चालली कोठे? वृद्धांचे विभाग, मानसोपचार रुग्णालये, आणि ज्या गावांत इंग्रज डॉक्टर जाण्यास नाखूश असत ती गावे. दक्षिण वेल्समधील कोळशाच्या खोऱ्यांत भारतीय उपखंडातून आलेल्या डॉक्टरांनी दोन-दोन, तीन-तीन दशके दवाखाने चालविले. काळी धूळ छातीत साठलेला खाणकामगार आणि त्याची नाडी पाहणारा परदेशी डॉक्टर, हे चित्र बेल्लमपल्लीच्या वाचकास वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. १९७५ मध्ये तेथील कौन्सिलने भारतीय पदव्यांची थेट मान्यता पुन्हा काढून घेतली आणि परीक्षा लावली. पूर्वी आलेल्यांचे दवाखाने चालू राहिले. नव्यांना भाषेपासून सारे सिद्ध करावे लागले.

परीक्षा घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. रोग्याच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि खोटे दाखले किती सफाईने बनतात हे मी नोकरीत पाहिले आहे. भाचीचेही परीक्षेविषयी गाऱ्हाणे नाही. महाराष्ट्रातून एम.बी.बी.एस. होऊन, चार वर्षे ग्रामीण भागात काम करून ती लग्नानंतर तिकडे गेली. मुले लहान असताना रात्री अभ्यास करून तिने तेथील परीक्षांचे टप्पे पार केले. अडले ते पुढे. रुग्णालयात किमान तीन वर्षे निवासी डॉक्टर म्हणून पुन्हा शिकल्याशिवाय परवाना नाही, आणि त्या जागा मोजक्या. पदवी घेऊन किती वर्षे झाली हे तेथे पाहिले जाते. जितकी वर्षे अधिक तितकी आशा कमी. म्हणजे परीक्षेच्या तयारीत गेलेली वर्षेच तिच्या विरुद्ध साक्ष देऊ लागली. परदेशात पूर्ण शिक्षण व अनुभव घेतलेल्यांना ही निवासी वर्षे पुन्हा न करता तात्पुरता परवाना देण्याचा कायदा टेनेसी राज्याने २०२३ मध्ये केला, आणि त्यानंतर आणखी काही राज्ये त्या वाटेने गेली. ती राहते ते राज्य त्यांत नाही.

“मामा, आपल्याकडे तरी काय वेगळे आहे?” तीच म्हणाली. रशिया, चीन येथे शिकून परतलेल्या आपल्याच मुलांसाठी २००२ पासून आपणही चाळणी परीक्षा घेतो, आणि तीत अनुत्तीर्ण होणारेच अधिक असतात. त्यांतील कित्येक वर्षानुवर्षे कोणाच्या तरी दवाखान्यात बिननावाचे मदतनीस म्हणून राबतात. मी त्यावर उत्तर दिले नाही.

ती परत जाण्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या लक्ष्मम्मा यजमानांच्या तपासणीचे कागद घेऊन आल्या. सिंगरेणीतून निवृत्त झालेला माणूस, खोकला जुना. भाचीने क्ष-किरण चित्र खिडकीशी धरून बराच वेळ पाहिले, दोन-तीन प्रश्न मला तेलुगूत विचारावयास लावले, मंचेरियालला छातीच्या डॉक्टरकडे याच आठवड्यात जा असे बजावले. औषध लिहून दे म्हणून लक्ष्मम्मांनी वही पुढे केली. तिने ती हळूच मिटून परत दिली. महाराष्ट्रातली तिची नोंदणी नूतनीकरणावाचून केव्हाच संपली होती.