जंगलातलं गाव, गावातलं सरकार

 शेतातून, गोठ्यातून, कारखान्याच्या पाळीवरून आलेल्या सगळ्या जणींना माझा रामराम.

मागच्या वेळी आपण ग्रामपंचायतीच्या दप्तराबद्दल बोललो होतो. त्यानंतर एका बचत गटातल्या बायांनी विचारलं, "ताई, ग्रामसभेला जाऊन होतं काय? सह्या घेतात, चहा देतात, परत पाठवतात." प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर द्यायला आज मी तुम्हाला एका गावाचा इतिहास सांगणार आहे. हे गाव आपल्या कुरकुंभपासून फार लांब, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात, कठाणी नदीच्या अंगाला. गावाचं नाव मेंढा. लेखा नावाच्या ग्रामपंचायतीत ते येतं, म्हणून सगळे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. ऐंशी-शंभर उंबरे, पाचशेच्या आसपास माणसं. सगळे गोंड आदिवासी, घरात गोंडी बोलणारे.

आपल्याकडे डोळा पोचेल तिथवर ऊस, ज्वारी, नाहीतर माळरान. फिरंगाईच्या टेकडीवरून पाहिलं तर एकीकडे सोलापूर रस्ता आणि एकीकडे कारखान्यांची धुराडी. गडचिरोलीत मात्र जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगल आहे. मेंढ्याच्या शिवारातसुद्धा शेत थोडं आणि जंगल फार. बांबू, सागवान, मोह, तेंदू, चारोळी, हिरडा. आपलं घर जसं रानावर आणि दुधावर चालतं, तसं त्यांचं घर जंगलावर चालतं. मोहाची फुलं वेचायची, तेंदूपत्ता तोडायचा, मध काढायचा, सरपण आणायचं. यातली बहुतेक कामं बायकांच्या हातची. म्हणून जंगल कुणाचं, हा प्रश्न तिथे चुलीपर्यंत जातो.

आता थोडं मागे जाऊ. आपल्या देशात जंगल खातं सुरू झालं १८६४ साली. त्याचा पहिला मुख्य अधिकारी इंग्रज नव्हता, जर्मन होता. डीट्रिच ब्रँडिस त्याचं नाव. झाडापानांचा शास्त्रज्ञ. बॉन शहरात जन्मला, ब्रह्मदेशातली सागवानाची जंगलं त्यानं सांभाळली आणि मग इंग्रज सरकारनं त्याला सगळ्या हिंदुस्थानच्या जंगलांवर नेमलं. त्याच्या देशात शेकडो खेडी अशी होती, आजही आहेत, की गावाभोवतीचं जंगल गावाच्याच मालकीचं. जर्मनीतल्या एकूण जंगलापैकी साधारण एक पंचमांश जंगल आजही गावांच्या आणि तशाच सार्वजनिक संस्थांच्या मालकीचं आहे. तिथे लहान खेड्याला स्वतःची निवडलेली सभा आणि स्वतःचा गावप्रमुख असतो. यंदा किती झाडं तोडायची, किती लावायची, याचा आराखडा वनपाल करतो, पण त्याला मंजुरी गावची सभा देते. लाकडाचे पैसे गावाच्या तिजोरीत. अगदी छोटी गावं कागदपत्रांसाठी चार-सहा गावांत मिळून एक कचेरी चालवतात, पण आपल्या जंगलाचा निर्णय आपल्याकडेच ठेवतात.

ब्रँडिसचं म्हणणं होतं की हिंदुस्थानातही गावांची जंगलं गावांकडे असावीत. पण सरकारात दुसरा मतप्रवाह जोरात होता. जंगल सरकारचं, लोकांना मिळेल ती सवलत, हक्क नाही. १८७८च्या जंगल कायद्यात हाच मतप्रवाह जिंकला. गावजंगलाचं एक प्रकरण कायद्यात राहिलं, १९२७च्या कायद्यातही राहिलं, पण बहुतेक ठिकाणी ते नुसतं कागदावरच राहिलं. म्हणजे बघा, जंगल खात्याची कल्पना आपल्याकडे आली, पण तिच्यातला गावाचा वाटा वाटेत गळाला.

गडचिरोलीचा भाग तेव्हा मध्य प्रांतात होता. तिथे जमीनदार आणि मालगुजार होते. १९५१ साली ती पद्धत गेली, जमीन सरकारकडे आली. गावकऱ्यांना जंगलातून घरापुरतं लाकूड, बांबू, सरपण, चारा घेता येत होता, त्याला निस्तार हक्क म्हणतात. हे हक्क निस्तार पत्रकात लिहून ठेवले गेले. पण लिहिलेलं असणं वेगळं आणि मिळणं वेगळं. पुढे सरकारनं इथल्या जंगलातला बांबू ठेक्यानं कागद गिरणीला दिला. बांबूचे ट्रक गावाच्या डोळ्यांदेखत जायचे, आणि गावातल्या माणसानं कुडासाठी चार बांबू आणले तर तो चोर ठरायचा.

१९८०च्या सुमाराला इंद्रावती-गोदावरीच्या खोऱ्यात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम ही मोठी धरणं होणार होती. त्यात जंगल आणि गावं बुडाली असती. लोक उठले, 'जंगल बचाओ, मानव बचाओ' असं आंदोलन झालं, बाबा आमटे त्यात होते. ती धरणं झाली नाहीत. त्या आंदोलनातून मेंढ्याच्या लोकांना एक गोष्ट उमगली. मोर्चात जाऊन 'नको' म्हणता येतं, पण 'काय हवं' हे गावात बसूनच ठरवावं लागतं. गावातले देवाजी तोफा पुढे आले. चंद्रपूरच्या वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल सोबतीला आले. त्यांनी गावाला कुठली योजना आणून दिली नाही. गावात अभ्यास गट सुरू केले. कायदा काय म्हणतो, निस्तार पत्रकात काय लिहिलंय, जंगलात काय काय आहे, हे गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून वाचायचे, बोलायचे.

मग आली गोटुलची गोष्ट. गोटुल म्हणजे गोंडांच्या तरुण पोरापोरींचं एकत्र जमण्याचं, शिकण्याचं घर. ते मोडीत निघालं होतं. गावानं ठरवलं, पुन्हा बांधायचं. जंगलातलं सागवान आणून बांधलं. जंगल खात्यानं ते बेकायदा ठरवून पाडलं, लाकूड नेलं. गावानं ना दगड उचलला ना हात उगारला. आसपासच्या गावांना बोलावलं, सगळं सांगितलं. त्या गावांनीही गोटुल बांधायचं ठरवलं. मेंढ्याचं गोटुल पुन्हा उभं राहिलं. एका गावाचं घर पाडता येतं, बारा गावांची घरं पाडायला कोण येणार?

या सगळ्यातून एक घोषणा तयार झाली, ती तुम्ही ऐकली असेल. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' ऐकायला बंडखोर वाटते. पण नीट ऐका, तिच्यात दिल्ली-मुंबईलाही आमचंच म्हटलंय. मत आम्ही देतो, ते सरकार आमचं. आणि गावापुरतं जे आहे, ते आम्ही स्वतः करू.

आता मेंढ्याचा कारभार कसा चालतो ते सांगते, कारण आपल्या कामाचं ते आहे. तिथे निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एका माणसाचं मन मानत नसेल तर निर्णय थांबतो, पुन्हा बोलणं होतं. वेळ लागतो. पण एकदा झालेला निर्णय मग मोडत नाही, कारण तो कुणाच्या डोक्यावर लादलेला नसतो. बैठकीला घरटी बाई आणि पुरुष, दोघंही अपेक्षित. 'आमचे मालक गेलेत सभेला' असं तिथे चालत नाही.

सुरुवातीच्या मोठ्या विषयांतला एक होता दारू. तो बायकांनी काढला. मोहाची दारू त्यांच्या देवाधर्माशीही जोडलेली, म्हणून प्रश्न सोपा नव्हता. एका बैठकीत सुटलाही नाही. बोलत बोलत गावानं दारू बंद केली, आणि ती पाळायची जबाबदारी पोलिसावर न टाकता गावावर घेतली. पुढे १९९३ साली सगळ्या गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली, त्यामागेही बायकांचा मोठा रेटा होता.

मग जंगलाचे नियम झाले. फळझाडं तोडायची नाहीत. वणवा लागला तर सगळ्यांनी धावायचं. मध काढताना पोळं जाळायचं नाही, माश्या मारायच्या नाहीत. मजुरीतला दहावा हिस्सा गावाच्या कोषात टाकायचा. तो पैसा कुणाच्या खिशातला नाही, ग्रामसभेच्या खात्यातला. आपल्या बचत गटाला हे नवीन नाही. आपणही दर महिन्याला शंभर-दोनशे टाकतो, वहीत लिहितो, आणि कुणाला किती द्यायचं ते गोल बसून ठरवतो. मेंढ्यानं तेच गावाच्या पातळीवर केलं.

२००६ साली वनहक्क कायदा आला, २००८च्या सुरुवातीला त्याचे नियम आले. मेंढ्याचा अभ्यास आधीच झालेला होता. ग्रामसभेनं नकाशे, पुरावे, जुनी कागदपत्रं जोडून दावा केला. २००९ साली साधारण १८०० हेक्टर जंगलावर, म्हणजे साडेचार हजार एकरांच्या आसपास, गावाचा सामूहिक वनहक्क मान्य झाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत मेंढा आलं.

पण खरी कसोटी पुढेच होती. कायद्यात बांबू गौण वनउपज म्हणून लिहिलाय, म्हणजे तो गावाचा. जंगल खातं म्हणायचं, बांबू हे झाड, ते आमचं. बांबू तोडला तरी रस्त्यावर न्यायला वाहतूक परवाना लागतो, तो खात्याकडे. म्हणजे सातबारा तुमच्या नावावर, पण ऊस फडातून बाहेर काढायची चिठ्ठी दुसऱ्याच्या हातात. असा हक्क काय चाटायचा? गाव हटलं नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. तेव्हापासून मेंढ्याचा बांबू मेंढ्याची ग्रामसभा विकते. तिच्या नावावर पॅन कार्ड आहे, बँकेत खातं आहे. पाठोपाठ गडचिरोलीतल्या इतर अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या.

२०१३ साली या गावानं आणखी एक पाऊल टाकलं. महाराष्ट्रात १९६४चा ग्रामदान कायदा आहे, विनोबांच्या चळवळीतून आलेला. त्याखाली मेंढ्याच्या शेतकऱ्यांनी आपल्या शेतीची मालकी गावाच्या नावे करायचं ठरवलं. कसायचा हक्क घराकडेच, वारसालाही तोच मिळणार, पण जमीन परस्पर बाहेरच्याला विकता येणार नाही. दादल्यानं रात्रीत व्यवहार करून सकाळी बायकोला सांगितलं, असं तिथे होणार नाही. पुणे-सोलापूर रस्त्याकडेच्या जमिनींचं काय झालं, हे पाहिलेल्या आपल्या पिढीला यातलं मोल वेगळं सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, ताई, तिथे जंगल आहे, आदिवासी भागाचे वेगळे कायदे आहेत. आपल्याकडे काय? बरोबर आहे. १९९६चा पेसा कायदा दौंड-शिरूरला लागू नाही. पण ग्रामसभा आपल्याकडेही आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, हे महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. ती सभा होते का, तिचं इतिवृत्त लिहिलं जातं का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. गावात गायरान आहे, ओढा आहे, तळं आहे. जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती असते आणि तिच्यात किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. आपल्या गावच्या समितीत कोणत्या बाया आहेत, त्यांना स्वतःला तरी ते माहीत आहे का, विचारून बघा.

आणि ज्यांचं माहेर किंवा पाहुणे जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आहेत, त्यांनी त्यांना एवढं जरूर सांगा. वनहक्क कायद्यात जमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं होतो. वनहक्क समितीत एक तृतीयांश महिला लागतात. आणि हक्काचा ठराव करणाऱ्या ग्रामसभेत हजर माणसांपैकी किमान एक तृतीयांश बाया असल्याच पाहिजेत. बाया आल्या नाहीत तर सभाच पुरी होत नाही. म्हणजे तुमच्या बसण्यालासुद्धा कायद्यात वजन आहे.

मेंढ्याकडून मला वाटतं घेण्यासारखी गोष्ट तशी साधी आहे. त्यांनी आधी वाचलं, मग बोलले, मग ठरवलं, आणि मागितलं सगळ्यात शेवटी. आपण बहुतेक वेळा उलटं करतो. आधी मागतो, मग नाही मिळालं की घरी येऊन बोलतो, आणि वाचायचं राहूनच जातं.

म्हणून या महिन्यात प्रत्येक गटानं एकच काम करायचं. मागच्या ग्रामसभेचं इतिवृत्त ग्रामपंचायतीतून मागून आणायचं आणि गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचायचं. ज्या बाईला वाचता येतं तिनं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. त्यात आपल्या नावाची सही असेल आणि आपण तिथे नव्हतो असं निघालं, तर पुढच्या सभेला काय विचारायचं, ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

बरं तर, पुढच्या बुधवारी पुन्हा भेटू. रामराम.