दोन अंकांची काटकसर

फसली सनाची दप्तरे बाळगणाऱ्या हैदराबादेस कालगणनेचा घोळ नवा नव्हता. तथापि १९९८ साली, जेव्हा मायक्रोसॉफ्टचे विकासकेंद्र येथे स्थापन झाले आणि पंतप्रधान वाजपेयींच्या हस्ते सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले, तेव्हा अमीरपेठेच्या शिकवणीवर्गांत तरुण मंडळी जुन्या संगणक-आज्ञावलींची कोबोल ही भाषा घोकीत होती, कारण स्मृतीच्या काटकसरीपायी सनाचे दोनच अंक नोंदविणारे संगणक २००० ला १९०० समजतील अशी धास्ती जगभर होती. दुरुस्तीही निर्दोष नव्हती. कित्येकांनी चार अंक न करता केवळ मर्यादावर्ष ठरवून, म्हणजे त्याखालचे दोन अंक २००० नंतरचे मानून, वेळ मारून नेली, म्हणजे मुदतवाढच घेतली म्हणा ना. आणि शंभराने भागले जाणारे वर्ष लीप नसते, हा अर्धाच नियम ज्यांत उतरला होता, त्या आज्ञावलींस २९ फेब्रुवारी २००० ही तारीखच नामंजूर होती.