तेमिसगामचा तह : लडाखच्या सोप्या वाटेवरचा एक अवघड करार

लडाखमधील लिकिर ते तेमिसगाम ही पायवाट गिर्यारोहकांच्या जगात ‘बेबी ट्रेक’ म्हणून ओळखली जाते. दोन-तीन मुक्काम, चार हजार मीटरच्या आतल्या खिंडी, दर संध्याकाळी एखादे गाव आणि गावात पाहुण्याला मिळणारा लोणी घातलेला खारट चहा. हिमालयात नवख्याने करावी अशी ही वाट. मात्र ती जिथे संपते, त्या गावात १६८४ साली झालेल्या एका तहाचा हवाला १९६० मध्ये भारत आणि चीनचे अधिकारी सीमेच्या वादात देत होते. त्या तहाची ही गोष्ट.

प्रथम भूगोल. लेहच्या पश्चिमेला सिंधूच्या काठाने जो सखल प्रदेश उतरत जातो, त्याला शाम म्हणतात. येथे उंची कमी, म्हणून थंडी तुलनेने सौम्य. जव पिकतो आणि जर्दाळूही. श्रीनगरकडून येणारा जुना व्यापारी मार्ग याच प्रदेशातून लेहकडे जाई. वाट सुरू होते लिकिरच्या गोंपापाशी. तेथून यांगथांग, मग शुकपा म्हणजे जुनिपरच्या राईवरून नाव पडलेले हेमिस शुकपाचन, पुढे एक खिंड ओलांडून आंग आणि शेवटी तेमिसगाम. जुन्या ग्रंथांत या गावाचे नाव तिंगमोसगांग असे येते.

पंधराव्या शतकात लडाखचे राज्य दोन भावांच्या शाखांत विभागले गेले होते. थोरली पाती लेहला होती, तर धाकटीची ठाणी बास्गो आणि तेमिसगाम येथे. धाकट्या पातीतील भगान याने दोन्ही भाग एकत्र केले आणि नामग्याल घराण्याचा पाया घातला. आज आडवाटेची वाटणारी ही गावे त्या काळी राजसत्तेची केंद्रे होती, हे लक्षात घेतले म्हणजे पुढचा घटनाक्रम उलगडतो.

सतराव्या शतकात ल्हासामध्ये पाचव्या दलाई लामांचे राज्य स्थिरावले. त्यांचा पंथ गेलुग. लडाखचे राजघराणे मात्र द्रुकपा पंथाचे आश्रयदाते, आणि भूतानही द्रुकपांचाच देश. तिबेट व भूतान यांच्यात संघर्ष पेटला तेव्हा लडाखच्या राजाने भूतानची बाजू घेत ल्हासाला पत्र धाडले, असे लडाखचे राजवृत्तान्त सांगतात. दुसऱ्याचे भांडण अंगावर घेण्याची ही हौस फार महाग पडली. अर्थात कारण केवळ पंथाचे नव्हते. पश्चिम तिबेटातील गुगे, पुरांग व रुदोक हे प्रदेश लडाखच्या ताब्यात होते आणि सोने, मीठ व पश्म यांचा व्यापार तेथूनच चाले.

१६७९ मध्ये तिबेटी-मंगोल सैन्य निघाले. त्याचे नेतृत्व गाल्दान त्सेवांग या मंगोल सेनानीकडे होते, आणि तो मूळचा भिक्षू होता. लडाखी फौज मागे हटत हटत बास्गोच्या किल्ल्यात कोंडली गेली. मातीच्या कड्यांवर उभा असलेला हा किल्ला लिकिरपासून काही किलोमीटरवर आहे. वेढा तीन वर्षे चालला असे राजवृत्तान्त म्हणतो. आधुनिक इतिहासकार तो काळ याहून बराच कमी मानतात. पण किल्ला पडला नाही, याबद्दल दुमत नाही. एक विसंगतीही येथे नोंदवावी : लिकिरचा गोंपा गेलुग पंथाचा, म्हणजे आक्रमकांच्याच पंथाचा. पंथाची रेषा आणि राज्याची रेषा एकमेकींवर बसत नव्हत्या.

अखेर लडाखने काश्मीरच्या मुघल सुभेदाराकडे मदत मागितली. सुभेदार इब्राहिम खान याचा पुत्र फिदाई खान १६८३ मध्ये फौज घेऊन आला आणि बास्गो व न्येमो यांच्या दरम्यानच्या मैदानात तिबेटी सैन्याचा पराभव झाला. मराठी वाचकाने येथे तारखा जुळवून पाहाव्यात. औरंगजेब स्वतः १६८१ च्या अखेरीस दक्षिणेत उतरला होता आणि संभाजीराजांशी युद्धात गुंतला होता. उत्तरेत तो पुन्हा परतलाच नाही. तरीही त्याचा काश्मीरचा सुभा हिमालयापलीकडचे युद्ध निकाली काढू शकत होता. मुघल सत्तेचा आवाका केवळ दख्खनेतून पाहिला की हा भाग नजरेआड होतो.

मदत फुकट नव्हती. लडाखच्या राजाला इस्लामचा नाममात्र स्वीकार करावा लागला. मुघल दप्तरात त्याचे नाव आकिबत महमूद खान. खंडणी ठरली आणि पश्मचा व्यापार काश्मीरशी बांधला गेला. लेहमधील मशीद मात्र त्याआधीची, १६६० च्या दशकात औरंगजेबाच्या दबावाखाली उभी राहिलेली.

मुघल फौज परत फिरली आणि तिबेटी सैन्य पुन्हा आले. आता ल्हासाने मुत्सद्देगिरीची एक नामी चाल खेळली. वाटाघाटींसाठी गेलुग नव्हे, तर द्रुकपा पंथाचे प्रमुख लामा मिफाम वांगपो यांना धाडले. ज्यांना लडाखचा राजा गुरुस्थानी मानत होता, त्यांच्यासमोर नकार द्यायचा कसा? तेमिसगामच्या राजवाड्यात तह ठरला.

गुगे, पुरांग आणि रुदोक लडाखने गमावले. सीमा देमचोकजवळच्या ल्हारी ओढ्यावर ठरली. कैलासाजवळचे मिनसर हे एकच गाव लडाखकडे राहिले. त्याच्या उत्पन्नातून कैलास-मानसरोवराच्या धार्मिक अर्पणांचा खर्च भागावा, ही सोय. पश्चिम तिबेटची पश्म लडाखलाच विकली जाईल आणि तेथूनच काश्मीरला जाईल, असे कलम पडले. काश्मिरी शालीचा जगभर जो दिमाख झाला, त्यामागे हा कच्च्या लोकरीचा मक्ता होता. शिवाय लेहहून दर तीन वर्षांनी ‘लोपचक’ हे भेटवस्तूंचे पथक ल्हासाला जाई, तर ल्हासाहून दरवर्षी ‘चाबा’ म्हणजे चहाचा तांडा येई, दोनशे ओझ्यांचा. ही ये-जा विसाव्या शतकातही चालू होती. ज्या तहाने राज्याचे मोठे अंग तोडले, त्यानेच लेहच्या बाजारपेठेला पुढची अडीच शतके पोसले. त्याला निव्वळ पराभवाचे कागद म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते.

कागद म्हणावे तर मूळ प्रत उपलब्ध नाही. तहाचा मजकूर मुख्यतः लडाखच्या राजवृत्तान्तातून कळतो, आणि त्याचे संपादन व भाषांतर ऑगस्ट हेरमान फ्रांके या जर्मन मोरावियन मिशनऱ्याने केले. त्याचा मुक्काम तेमिसगामजवळच्याच खलत्से गावी होता. १८४१ मध्ये डोगरा सेनापती जोरावर सिंग तिबेटात मारला गेला आणि १८४२ च्या तहात ‘जुन्या सीमा’ पुन्हा मान्य झाल्या. १९६० च्या चर्चेत भारताने या दोन्ही तहांचा आधार घेतला; चीनने तो नाकारला. देमचोकचा प्रश्न आजही सुटलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन्ही देशांनी गस्तीबाबत समझोता केला, त्यातही देमचोकचे नाव होते.

आता लिकिरपासून तेमिसगामपर्यंतच्या गावांना मोटाररस्ते पोहोचले आहेत आणि पायवाटेचा बराच भाग रस्त्याशेजारूनच जातो. तेमिसगामला पोहोचलेला पदयात्री बहुधा लेहची गाडी गाठण्याच्या घाईत असतो. गावावरच्या टेकडीवर राजवाड्याचे पडके अवशेष आणि शेजारी गोंपा आहे. चढण जेमतेम अर्ध्या तासाची.