राघोजींची तलवार कोणाची?

मागच्या महिन्यात केळापूरच्या बैठकीत एका मावशीनं विचारलं, "तलवार आपलीच, मग पैसे देऊन कशाला आणली?" बैठक कर्जवाटपाची होती, पण प्रश्न डोक्यात राहिला.

तलवार नागपूरकर राघोजी भोसल्यांची. शाहू महाराजांनी त्यांना 'सेनासाहेब सुभा' हा किताब दिला होता. 29 एप्रिल 2025 ला लंडनमध्ये सोथबीजच्या लिलावात ती निघाली, महाराष्ट्र सरकारनं मध्यस्थामार्फत 47 लाख 15 हजारांत घेतली आणि 18 ऑगस्टला ती मुंबईत आली. पातं युरोपी बनावटीचं, त्यावर सोन्यानं देवनागरीत राघोजींचं नाव.

मग ती गेली कशी? 1817 साली सीताबर्डीच्या लढाईत इंग्रज जिंकले. तेव्हाच्या लुटीत गेली असावी, किंवा कोणाला भेट दिली असावी, असा अंदाज सांगतात. कागद नाही. बाईनं गटात पैसे भरले आणि पासबुकात नोंदच नाही, तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

कागद असला तरी भांडण मिटतंच असं नाही. इजिप्तमध्ये 1799 साली फ्रेंच सैनिकांना रोझेटा शिळा सापडली. 1801 च्या तहानं ती इंग्रजांकडे गेली आणि 1802 पासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तह झाला खरा, पण ज्यांच्या मातीतून शिळा निघाली त्यांना कोणी विचारलं? इजिप्तमधून आजही तिची मागणी होते. आपल्याकडं 2024 साली साताऱ्यात वाघनखं आली, तीही तीन वर्षांच्या उसनवारीवर.

आता दुसरी बाजूही बोलते, राग मानू नका. याच राघोजींच्या फौजांनी बंगाल लुटला. तिथं मुलांना निजवताना 'बर्गी' आल्याचं गाणं आया अजून म्हणतात; ते बर्गी म्हणजे आपलेच घोडेस्वार. 1751 च्या तहात बंगालच्या नवाबानं वर्षाला 12 लाख चौथाई कबूल केली. आपल्या वऱ्हाडातही दुअंमल होता, निजाम आणि भोसले दोघंही महसूल घेत. म्हणजे त्या सोन्याच्या अक्षरांत शेतात राबणाऱ्या बायांची ज्वारीही असेल.

तरी घेतली ते बरं झालं, असं मला वाटतं. नाहीतर कोणा श्रीमंताच्या दिवाणखान्यात टांगली गेली असती. मावशीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ते ठीक, पण नागपुरात ठेवा म्हणावं. मुंबईचं भाडं कोण देईल?"