दिलेला पत्ता आणि ताडलेला पत्ता

व्यापारी पेढीच्या पत्रावर पूर्वीं ‘तारेचा पत्ता’ म्हणून एकच शब्द छापलेला असे. तारकचेरींत फी भरून तो नोंदवावा लागे. पेढीच्या मालकाच्या नांवाशीं त्याचा संबंध असेलच असें नसे. म्हणून परक्या माणसाला तो तर्कानें काढतां येत नसे. तो पेढीनें तरी दिला पाहिजे, नाहीं तर छापील डिरेक्टरींत तरी सांपडला पाहिजे. भारतांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. आज व्यापाऱ्यांच्या पत्रांवर जो ई-मेलचा पत्ता दिसतो, त्याचा स्वभाव नेमका उलट आहे. माणसाचें नांव आणि संस्थेचें नांव कळलें, कीं तो पुष्कळदां ताडतां येतो. हा पालट कसा घडला आणि त्यानें कोणता प्रश्न उभा केला, तें आज पाहावयाचें आहे.

इ. स. १९७१ मध्यें अमेरिकेंतील केंब्रिज शहरीं ‘बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन’ या कंपनींतील रे टॉमलिन्सन यांनीं ‘आर्पानेट’ नांवाच्या जाळ्यावरून एका संगणकावरील निरोप दुसऱ्या संगणकाकडे पाठविण्याची सोय केली. माणसाचें नांव आणि यंत्राचें नांव वेगळें राखण्यासाठीं त्यांनीं मध्यें ‘अ‍ॅट’ हें चिन्ह घातलें. हिशेबाच्या वहींत ‘अमुक दरानें’ या अर्थीं वापरलें जाणारें तें व्यापारी चिन्ह होय. आपल्याकडे त्याला अजून ‘अ‍ॅट द रेट’ म्हणतात तें यामुळेंच. पुढें १९८३ मध्यें पॉल मॉकापेट्रिस यांनीं क्षेत्रनामांची योजना मांडली आणि चिन्हाच्या उजवीकडे यंत्राच्या नांवाऐवजीं संस्थेचें नांव येऊं लागलें. डावीकडे काय लिहावें हें मात्र ज्या त्या संस्थेवर सोपविलेलें होतें. शेंकडों नोकरांच्या कचेरींत प्रत्येकासाठीं निराळें नांव कोण शोधीत बसणार? नांव, टिंब आणि आडनांव, किंवा नांवाचें आद्याक्षर व आडनांव, असा एखादा नियम करून कचेऱ्या मोकळ्या झाल्या.

ही सोय जशी कचेरीची झाली, तशी तर्क करणाराचीहि झाली. त्याच्याजवळ नांवांची यादी असते, प्रत्येकापुढें कंपनीचें नांव असतें. आतां गणित पाहा. नांव पूर्ण किंवा आद्याक्षर, हे दोन प्रकार. आडनांवाचेहि तसेच दोन. आधीं नांव कीं आधीं आडनांव, हे दोन. आणि मध्यें टिंब, आडवी रेघ, खालची रेघ किंवा कांहींच नाहीं, हे चार. यांच्या गुणाकारानें बत्तीस रूपें होतात. यंत्राला हें काम क्षणाचें. त्यांतून त्या कंपनींतील एकाचा जरी खरा पत्ता हातीं लागला, तरी नियम उघड होतो आणि बत्तिसांचें एकच उरतें. आपल्या नांवांपुढें मात्र हें गणित अडखळतें. ‘विश्वनाथ’ हें नांव रोमन लिपींत दोन-तीन तऱ्हांनीं लिहितात; एका कचेरींत एकाच नांवाचे दोन जोशी असले, तर दुसऱ्याच्या नांवापुढें आंकडा चढतो, आणि तर्कानें धाडलेलें पत्र भलत्याच जोशांच्या हातीं पडतें.

परक्यांच्या यादीवर जाहिरात धाडण्याचा प्रघात जुना आहे. ३ मे १९७८ रोजीं ‘डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन’च्या गॅरी थुर्क यांनीं आपल्या नव्या संगणकांची जाहिरात आर्पानेटवरील सुमारें चारशें जणांना पाठविली. पत्ते छापील डिरेक्टरींतून हातानें टंकून घेतलेले होते; ते इतके झाले, कीं ठरलेल्या जागेंत न मावतां कांहीं मजकुरांत उतरले. पुष्कळांनीं तक्रारी केल्या, आणि जाळ्याच्या चालकांनीं या वापराचा निषेध केला.

यानंतर ऑगस्ट १९८२ मध्यें जॉनथन पोस्टेल यांनीं टपालाचे जे नियम लिहिले, त्यांत ‘व्हेरिफाय’ नांवाची एक आज्ञा होती: अमुक माणूस येथें आहे काय, असें परक्या यंत्रानें विचारावें आणि टपालयंत्रानें उत्तर द्यावें. परस्परांना ओळखणाऱ्या लहान जगांतला तो शिष्टाचार होता. पण पुढें ताडलेले पत्ते पारखून घेण्यासाठीं त्याचा सर्रास उपयोग होऊं लागला. तेव्हां पुष्कळ टपालयंत्रांनीं असें उत्तर देणें सोडलें. कित्येकांनीं तर खऱ्या-खोट्या सर्वच पत्त्यांवरील पत्रें घेण्यास सुरुवात केली. भल्या माणसाच्या प्रश्नालाहि मग उत्तर मिळेनासें झालें.

अखेर कायद्याला यांत पडावें लागलें. अमेरिकेच्या २००३ सालच्या कायद्यानें असें ठरविलें, कीं नांवें, अक्षरें व आंकडे यंत्रानें जुळवून काढलेल्या पत्त्यांवर बेकायदा जाहिरात धाडणें हा अधिक गंभीर अपराध समजावा. युरोपांत मे २०१८ पासून लागू झालेल्या नियमांनीं याहून खोल भेद केला. ज्यांत माणसाचें नांव-आडनांव आहे, तो कचेरीचा पत्ताहि त्या माणसाची खासगी माहिती ठरतो. ‘चौकशी’सारखा, कोणा व्यक्तीचा नव्हे असा पत्ता तसा ठरत नाहीं. चौकशी, विक्री, टपालप्रमुख यांसाठीं ठराविक पत्ते असावेत, असा संकेत तर १९९७ मध्येंच लिहून ठेवलेला होता. परक्यासाठीं मुद्दाम उघडा ठेवलेला दरवाजा तोच.

तर्क करणारे सगळेच वाईट नसतात. नोकरीच्या शोधांतला तरुण, अडलेला ग्राहक, बातमीची शहानिशा करणारा वार्ताहर, यांनाहि कधीं कधीं असा पत्ता ताडावा लागतो. पण ते एकाला, एका कामासाठीं, स्वतःचें नांव घालून लिहितात; आणि नकार आला तर थांबतात. हजारोंच्या यादीवर यंत्र फिरविणाराला यांपैकीं एकहि बंधन वाटत नाहीं. नांव हें माणसानें हांकेला ओ द्यावी म्हणून असतें. त्याच्या दाराची किल्ली त्यांतच दडलेली आहे, एवढ्यावरून ती त्यानें आपल्या हातीं दिली, असें होत नाहीं. ताडलेला पत्ता बरोबर निघाला, तरी तो दिलेला पत्ता नव्हे, एवढें स्मरण लिहिणाऱ्यानें ठेवावें.