स्किन कॅन्सर: पेशीतलं अडकलेलं बटण आणि त्यावर नेम धरणारी औषधं

कमरेला घट्ट बांधलेल्या धोतरामुळे कॅन्सर होऊ शकतो का? टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी बी. सूर्याबाई यांनी 1945 मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. भारतीय सवयींशी जोडलेल्या कॅन्सरमध्ये त्यांनी 'धोतर कॅन्सर'ही नोंदवला होता. धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी काचत राहिलं की त्वचा सोलते, भरते, पुन्हा सोलते. काही जणांमध्ये तिथेच न भरणारी जखम होते आणि पुढे कॅन्सर. परकराच्या नाडीमुळेही असं झाल्याच्या नोंदी नंतर आल्या.

हे कसं घडतं, ते समजायला पेशींमधले निरोप समजून घ्यावे लागतील.

निरोप कसा पोहोचतो?

जखम झाली की आजूबाजूच्या पेशींना 'वाढा' असा निरोप मिळतो. पेशीच्या पृष्ठभागावरचं रिसेप्टर तो घेतं, आत रास नावाच्या प्रथिनाला देतं. रासकडून राफ, राफकडून मेक, मेककडून अर्क आणि शेवटी पेशीच्या केंद्रकात. याला सिग्नलिंग पाथवे म्हणतात. जखम भरली की निरोप थांबतो.

शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीच्या शेतकऱ्याला पुढचा भाग लगेच कळेल. शेतीपंपाचा स्टार्टर चिकटला की लाल बटण दाबूनही मोटर चालूच राहते. कॅन्सरमध्ये यातल्या एखाद्या प्रथिनाचं असंच होतं. जनुकात बदल होतो आणि कुणी निरोप दिलेला नसतानाही पेशी वाढत सुटते.

एका अक्षराची चूक

मेलानोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. पाश्चात्त्य देशांतल्या जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये बीराफ जनुकात बदल सापडतो. बहुतेकदा प्रथिनातल्या 600 व्या जागी व्हॅलिनऐवजी दुसरंच अमिनो आम्ल येतं, आणि बटण अडकतं.

नेमकं हेच बटण बंद करणारं व्हेमुराफेनिब 2011 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. गाठी झपाट्याने आकसल्या. पण अनेकांमध्ये काही महिन्यांतच आजार परतला, कारण पेशींनी निरोप नेण्याची दुसरी वाट शोधली. म्हणून आता साखळीतला पुढचा दुवा, म्हणजे मेक, रोखणारं औषधही जोडीला देतात. डाब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब ही अशीच जोडी.

आता खरी मेख. ज्या पेशीत बीराफ मुळात ठीक आहे, तिथे व्हेमुराफेनिबसारखं औषध साखळी थांबवण्याऐवजी उलट जोरात चालवू शकतं. हे औषध घेणाऱ्या काही मेलानोमाच्या रुग्णांना त्वचेचा दुसराच, स्क्वॅमस प्रकारचा कॅन्सर झाला, त्यामागे हेच कारण होतं. त्यामुळे गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी केल्याशिवाय ही गोळी सुरू करत नाहीत.

आपल्याकडे काय वेगळं?

भारतात मेलानोमा तसा कमी. पण जो होतो, तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. गायक बॉब मार्ली यांना पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच प्रकार झाला होता. 1981 मध्ये, वयाच्या 36 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. या प्रकारात बीराफचा बदल कमी वेळा आढळतो. म्हणजे जगभर गाजलेली गोळी आपल्या अनेक रुग्णांच्या कामाचीच नाही!

काहींमध्ये मात्र किट नावाचं रिसेप्टर अडकलेलं असतं, आणि त्यातल्या काहींना इमॅटिनिबचा उपयोग होतो. हे मूळचं रक्ताच्या कॅन्सरचं औषध. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला. भारतीय कंपन्यांचं स्वस्त इमॅटिनिब बाजारात राहिलं, ते त्यामुळे. बीराफवरच्या औषधांचा खर्च सामान्य कुटुंबाला सहज झेपणारा नाही.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. लवकर सापडलेल्या बहुतेक स्किन कॅन्सरला यातलं काहीच लागत नाही. तेवढा भाग शस्त्रक्रियेने काढणं हाच पहिला उपचार. धोतर कॅन्सरलाही तोच. अनवाणी शेतात वावरणाऱ्याला तळपायावरचा काळा डाग काट्याचा किंवा मुका मार लागल्याचा वाटतो आणि महिने निघून जातात. डाग पसरत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, नखाखालची काळी रेघ रुंदावत असेल किंवा भाजल्याच्या जुन्या व्रणावरची जखम भरत नसेल, तर डॉक्टरांना बायोप्सीबद्दल विचारा. अहवालात मेलानोमा पसरल्याचं आलं, तर पुढचा प्रश्न: बीराफ आणि किटची तपासणी झाली आहे का?